सावली नोको, वाढदिवस हाय

संगणकावर आजवर माझ्या हातून जेवढ्या बायका रंगवल्या गेल्या, त्या सगळ्यांना मिशा आहेत. मी त्या काढलेल्या नाहीत. नाकाखाली जराशी सावली टाकली की नाक चेहऱ्यापासून सुटून वर येतं, असं ऐकलं होतं, म्हणून जराशी टाकली. नाक आलं नाही. आणखी जराशी टाकली. नाक जिथल्या तिथं, आणि माझ्या चित्रकथेतली सोळा वर्षांची राजकन्या बघता बघता ठाणेदार झाली. बायको चहा ठेवायला आली, पडद्याकडे बघून थबकली आणि म्हणाली, "अगंबाई, मेहकरचे मामा! त्यांचं कशाला काढलंत?"

मी खामगावात गणित शिकवतो. निवृत्ती आता तोंडावर आली आहे, आणि निवृत्त माणसाला छंद नसला की तो कॉलनीतल्या मारुती मंदिराचे हिशेब तपासायला लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या भीतीपोटी डिजिटल चित्रकला हाती घेतली. बेत मोठा होता. घाटाखालचा एक पोरगा आणि घाटावरची एक राजकन्या, अशी मुलांसाठी रंगीत चित्रकथा करायची. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे हा भेद इतका पक्का आहे की कथेला वेगळा खलनायक लागत नाही. शिवाय आमची पिढी अमर चित्रकथेवर वाढलेली. अनंत पै यांनी ती १९६७ मध्ये सुरू केली. प्रताप मुळीकांनी काढलेले वीर वहीच्या मागच्या पानावर उतरवता उतरवता आमचे भूगोलाचे तास निघून गेले. तेव्हा वीर जमायचे. दंड थोडे वाकडे यायचे, पण वीर आहे हे कळायचं.

चित्रकलेचं माझं शिक्षणही अगदीच शून्य नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा मी दिलेल्या आहेत. वस्तुचित्राला एक मडकं, दोन वांगी आणि खाली मुद्दाम चुरगाळलेली चादर. ड्रॉइंगच्या सरांचा हुकूम ठरलेला असे: उजेड डावीकडून, सावली उजवीकडे. वर्गाची एकुलती एक खिडकी उजव्या हाताला असली तरी उजेड डावीकडूनच. खिडकीवर विश्वास ठेवणाऱ्या एका मुलाचे मार्क कापले गेले होते. आणि शेडिंग म्हणजे सहा-बी पेन्सिल गिरवायची नि वरून बोट घासायचं. ज्याचं बोट जास्त काळं, तो मोठा चित्रकार. परीक्षा संपली की वांगी शिपाई घरी नेत असे. त्या एवढ्या व्यवहारात फायद्यात राहिलेला तो एकटाच. मला सी ग्रेड मिळाली.

तेव्हा पेन टॅबलेट घरी आला त्या दिवशी मी सवयीनं स्क्रीनवर बोट घासलं. शेडिंग झालं नाही, स्क्रीन मात्र तेलकट झाली.

हा टॅबलेट म्हणजे एक काळी पाटी. तिच्यावर काहीच उमटत नाही. हात टेबलावर फिरवायचा आणि बघायचं समोरच्या पडद्यावर. पेन दाबलं तर रेघ जाड, हलकं धरलं तर बारीक. आईनं ते पेन उलटसुलट करून पाहिलं, टोपण शोधलं, ते सापडेना तेव्हा म्हणाली, "एवढ्या पैशाचा पेन अन् त्यात शाई नाई? फसवलं बाप्पा तुले." क्रिता नावाचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर मी उतरवून घेतलं. ते फुकट आहे. फुकट म्हटल्यावर आपल्या माणसाला आधी शंका येते, मग हाव सुटते. मी एका रात्रीत त्यात घालायचे एवढे ब्रश गोळा केले की काय सांगावं. केसांचा ब्रश, ढगांचा ब्रश, गवताचा, विटांचा, माशाच्या खवल्यांचा. माझ्या कथेत मासा नव्हता. तरी खवल्यांच्या ब्रशसाठी मी एक मासा घातला. मग माशाला पाणी हवं म्हणून लोणारचं तळं घातलं. ते पाणी इतकं खारं आणि क्षारयुक्त की त्यात मासा जगत नाही, हे पुतण्यानं सांगेपर्यंत मासा रंगवून झाला होता, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या पानात तोच काय तो बरा वठला होता.

हा पुतण्या पुण्याला ॲनिमेशन शिकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आला आणि काकांची प्रगती पाहायला खुर्ची ओढून बसला. बराच वेळ काही बोलला नाही. डॉक्टर लोक एक्स-रे हातात घेऊन असे गप्प बसले की आपण घाबरतो.

"काका, लाईट कुठून येते?"

"डीपीवरून. पण डीपी परवाच जळली, म्हणून सध्या पलीकडच्या गल्लीतून घेतलीय."

"चित्रात, काका. चित्रात लाईट कुठून येते?"

चित्रात लाईट कुठूनच येत नव्हती. मी प्रत्येक आकाराच्या कडेकडेनं गडद रंग फिरवला होता आणि मधे पांढुरका ठिपका ठेवला होता. गाल तसे, हात तसे, बैलाचं वशिंड तसंच, सूर्यही तसाच. याला म्हणे पिलो शेडिंग म्हणतात, उशीसारखं सगळीकडून सारखंच फुगलेलं. नवशिक्यांचा हा जगभरचा रोग आहे, हे ऐकून मला बरं वाटलं. आपण एकटे नाही. न्यूझीलंडमध्येही कोणी तरी गणिताचा मास्तर आज उशा रंगवत बसला असेल.

"आधी सूर्य कुठंय ते ठरवा," पुतण्या म्हणाला. "मग त्याच्याकडे तोंड केलेला भाग उजळ, पाठ केलेला गडद. नाकाची सावली गालावर पडते, मानेवर हनुवटीची पडते. ती पडलेली सावली कडक असते, आणि गालाच्या गोलाईवरची मऊ असते. सगळंच मऊ केलं तर मेण होतं."

मेणाबद्दल तो बोलला ते मला लागलं. त्याचं कारण माझ्या तरुणपणात आहे. आमच्या घरी कॅलेंडरवर रघुवीर मुळगांवकरांचे देव असत. काय ती कांती, काय ते तेज! ते एअरब्रश वापरत हे कुठं तरी वाचलं होतं, आणि क्रितात एअरब्रश आहे हे कळल्यावर मला दुसरं काही सुचेना. आता आपल्याही हातून देव घडणार, असं वाटलं. मी सगळ्या पात्रांवर तो फवारा असा मारला की पोरगा, राजकन्या, बैल आणि मासा, सगळे वाफेत उभे असल्यासारखे दिसू लागले. मुळगांवकरांच्या त्या फवाऱ्याखाली पक्कं रेखाटन असतं, ही बारीकशी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. माझ्या फवाऱ्याखाली मेहकरचे मामा होते.

दुसरा दोष काळ्या रंगाचा निघाला. सावली म्हणजे काळं, हे मी जन्मापासून धरून चाललो होतो. पुतण्या म्हणाला, "काका, सावली काळी नसते. बाहेर जाऊन बघा." मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, खामगावात, त्यानं मला बाहेर जाऊन बघायला सांगितलं. पुण्याला राहून माणूस बदलतो.

गेलो. समोरच्या ओट्यावर एक आजोबा पांढरंशुभ्र धोतर नेसून बसले होते. अर्धे उन्हात, अर्धे सावलीत. उन्हातलं धोतर लोण्याच्या अंगानं जरा पिवळट, आणि सावलीतल्या चुण्या चक्क निळ्या! सूर्याचा थेट उजेड जिथं पोचत नाही तिथं फक्त आभाळाचा उजेड पोचतो, आणि आभाळ निळं असतं. एवढी साधी गोष्ट, आणि एवढी वर्षं समोर धोतरं असून दिसली नव्हती. मी अजून जवळ गेलो. गुडघ्याच्या मागच्या घडीत तर जांभळट छटा होती. मी वाकलो.

"काय हारवलं मास्तर?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही, तुमचं धोतर निळं आहे."

आजोबांनी धोतर सावरलं, घरात गेले आणि सुनेला म्हणाले ते मला बाहेर स्पष्ट ऐकू आलं. "ऊन लागलं त्या मास्तरले. कांदा दे त्याले फोडून."

संध्याकाळी पानठेल्यावर वेगळाच प्रकार. ठेल्यावरच्या पोराच्या पाठीमागून सूर्य, आणि पोराचे दोन्ही कान लालबुंद, आतून दिवा लावल्यासारखे. कानाची पाळी पातळ, तिच्यातून उजेड आरपार येतो, आणि आत रक्त आहे म्हणून लाल दिसतो. ॲनिमेशनवाले त्याला सबसरफेस स्कॅटरिंग म्हणतात आणि त्याच्यासाठी कॉम्प्युटर रात्रभर तापवतात. इथं ते पान लावता लावता फुकट चाललं होतं. मी हरखून बघत राहिलो.

"सर, काई उधारी राह्यली काय माह्याकडं?"

"नाही रे, तुझे कान बघतोय."

"काहून? उपटता काय?"

दुसऱ्या दिवसापासून ते पोरगं संध्याकाळी डोक्याला दुपट्टा बांधून बसू लागलं. मला मॉडेल कसं गमवावं याचा अनुभव मिळाला.

सगळ्यात जास्त आनंद मात्र मल्टिप्लाय या प्रकारानं दिला. डिजिटल चित्र थराथरानं रंगवतात. खाली सपाट रंग, त्याच्यावर वेगळ्या लेयरवर सावली. त्या लेयरला मल्टिप्लाय लावलं की खालचा रंग टिकून राहतो आणि फक्त गडद होतो. हे कसं होतं? कॉम्प्युटर काळ्याला शून्य मानतो, पांढऱ्याला एक, बाकी सगळे मधे. मग वरच्या आणि खालच्या आकड्यांचा सरळ गुणाकार. पांढऱ्यानं गुणलं तर काही बदलत नाही, काळ्यानं गुणलं तर सगळं शून्य, आणि ०.५ गुणिले ०.५ बरोबर ०.२५, म्हणजे आधीपेक्षा गडद. आठवीची पोरं मला दर वर्षी विचारत, "सर, अपूर्णांकांचा गुणाकार करून काय होते?" आणि मी दर वर्षी सांगत आलो, "परीक्षेत येतो." आता उत्तर सापडलं तेव्हा निवृत्ती आली.

त्या आनंदात मी मल्टिप्लायवर मल्टिप्लाय चढवला. पहिल्यानं पोरगा सावळा झाला, दुसऱ्यानं काळासावळा, तिसऱ्यानंतर फक्त दात उरले. लेयरांना नावं द्यावीत असा नियम आहे. मी तो पाळला नव्हता. माझ्या फाइलीत 'लेयर १७ कॉपी कॉपी' नावाचं काही तरी होतं आणि त्याला हात लावायची हिंमत घरात कोणाला नव्हती. एका संध्याकाळी मी जीव ओतून राजकन्येचे डोळे रंगवले. पापण्या, बुबुळं, त्यात खिडकीचा चौकोनी झिलमिल ठिपका. मग तळं जरा डोळ्यांआड करून पाहावं म्हणून तळ्याची लेयर बंद केली, तर तळ्याबरोबर डोळेही गेले. सगळं काम तळ्यावर झालं होतं. मी ते वेगळं करायच्या नादात असताना डीपी पुन्हा जळली.

पुतण्यानं जाता जाता एक परीक्षा शिकवली. चित्र घडीभर कृष्णधवल करून बघायचं. रंग काढून घेतल्यावरही माणूस माणसासारखा दिसला तर उजेड-अंधाराचा हिशेब बरोबर. मी बटण दाबलं. पोराचा हिरवा सदरा, राजकन्येचं केशरी लुगडं, मागचा घाट आणि पुढचा बैल, सगळे एका राखाडीत विरघळले. मासा तेवढा दिसत होता.

इतकं सगळं झाल्यावर माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. आमच्या भागात दर दहा पावलांवर कोणाचा तरी वाढदिवस असतो, त्यामुळे धंदा बरा चालतो. "सर, तुमी म्हणे माणसाचं कार्टून करता. आपल्या भाऊंचा वाढदिवस हाय. भाऊ म्हणतात, फोटो सगळेच लावतात, आपल्याले कॅरेक्टर पाहिजे." भाऊ म्हणजे भावी नगरसेवक. गेली बरीच वर्षं ते भावीच आहेत. मागे लोणारचं तळं, पुढे भाऊ, हात छातीवर, असा आराखडा ठरला.

मी शिकलेलं सगळं पणाला लावलं. संध्याकाळचं ऊन उजवीकडून घेतलं. ड्रॉइंगच्या सरांचा हुकूम मी आयुष्यात पहिल्यांदाच मोडला, आणि मोडताना दाराकडे एकदा पाहिलं. भाऊ रंगानं चांगले तुकतुकीत सावळे. गडद कांतीवर उजेडाचा ठिपका जास्त झळकतो आणि त्यात आभाळाची निळाई उतरते, ती कपाळावर दाखवली. सावल्या काळ्या न ठेवता तांबूस-जांभळ्या ठेवल्या. नाकाची सावली गालावर टाकली, ती मिशांच्या जागी पडू नये म्हणून दोन रात्री जागलो, मग लक्षात आलं की भाऊंना मिशा आहेतच. पांढऱ्या कुर्त्यावरून उजेड उलटून हनुवटीखाली येतो, तोही दाखवला. कृष्णधवल करून पाहिलं. भाऊ दिसत होते. मला वाटलं, जमलं.

दुकानात भाऊंचे दोन कार्यकर्ते आले. चित्र बघून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सर, हे गालावर काळं काय हाय?"

"सावली."

"कोणाची?"

"नाकाची. भाऊंच्याच नाकाची."

"सावली नोको, सर. वाढदिवस हाय."

मी सावली अर्धी केली. मग पाव. मग काढली.

"अन् हनुवटीखालचं पांढरं? भाऊंची दाढी नाही पिकली अजून."

तेही काढलं.

"आता जरा गोरे करा."

"भाऊ गोरे नाहीत."

"ते आमाले माहीत हाय, सर. फ्लेक्सवर पाहिजेत."

पिवळट करून दाखवलं, तर कावीळ झाली म्हणाले. पांढरं केलं, तर भाऊ आजारी दिसतात म्हणाले. त्यांना गुलाबी हवे होते. त्यातला एकजण मागच्या तळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, आपलं लोणार गुलाबी होते, तं भाऊंचा चेहरा काहून होत नाही?"

आता हे खरं आहे. २०२० च्या जून महिन्यात लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं आणि बघायला लोक लोटले होते. मी शिक्षक पडलो, मला राहवलं नाही. पाणी आटलं, खारेपणा वाढला, त्यात खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव बोकाळले, त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ते तपासलं, असं सगळं मी त्यांना सांगितलं. दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग टाका ना ते थोडे भाऊंवर."

उरली भाऊंच्या गळ्यातली सोन्याची साखळी. तो विषय दागिन्यांचा, म्हणून तिथं तरी मला मोकळीक मिळेल असं वाटलं. धातू रंगवणं ही मोठी अवघड गोष्ट. नुसतं पिवळं फासलं तर सोनं दिसत नाही, हळद दिसते. खामगाव म्हणजे चांदीची पेठ, लोक रजतनगरी म्हणतात, तर जाऊन प्रत्यक्षच बघावं म्हणून मी एका चांदीच्या दुकानात गेलो आणि एक पेला समोर धरून बसलो. काठावर एक लखलखीत पांढरी रेघ, तिला लगेच खेटून काळीकुट्ट पट्टी. मधल्या अवस्था नाहीतच. ती पांढरी रेघ म्हणजे छतावरची ट्यूब, काळी पट्टी म्हणजे उघडं दार आणि दारातल्या माणसाची पँट. जरा खाली दुकानदाराचा गुलाबी शर्ट लांबट होऊन वाहत होता, आणि पेल्याच्या पोटावर मधोमध माझं नाक, भलंमोठं. चांदीला स्वतःचा असा रंगच नाही. समोर जे असेल ते घेऊन ती चमकते.

"देऊ का पॅक करून?" दुकानदार.

"नको, मी फक्त याची काळी बाजू बघतोय."

त्यांनी पेला माझ्या हातातून काढून घेतला. "सर, आमच्या चांदीत काळं नाही. तीन पिढ्यांत कोणी बोलला नाही."

पण साखळी सुंदर आली. काळ्याला पांढरं भिडवून एकेक कडी मी अशी झळकवली की पुतण्यानंही फोनवर "वा काका" म्हटलं. कार्यकर्ते पहिल्यांदाच खूश झाले.

"मस्त! अशीच अजून एक टाका."

"भाऊंच्या गळ्यात एकच आहे."

"दुसरी निवडून आल्यावर घेनार हायेत."

त्या रात्री मला झोप लागेना, म्हणून उठून जुन्या कलाशास्त्राची एक पुस्तिका चाळत बसलो. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात शेडिंगला वर्तना म्हणतात आणि तिचे तीन प्रकार दिले आहेत. पानाच्या शिरांसारख्या रेघांनी केलेली ती पत्रजा, अगदी सूक्ष्म हातानं केलेली ती ऐरिक, ठिपक्याठिपक्यांची ती बिंदुजा. पुतण्याला कळवलं, तर उत्तर आलं, "काका, हे तर टेक्स्चर ब्रश!" म्हणजे तेव्हाही ब्रशांचा संच होता, आणि तो गोळा करणारे काकाही असणारच. त्याच ग्रंथात कोणाला चित्रातलं काय आवडतं याची विभागणी आहे. जाणते गुरू रेषा बघतात, चोखंदळ रसिक वर्तना बघतात, बायकांना दागिने हवेत आणि उरलेल्या सगळ्यांना भरपूर रंग. दागिन्यांचा मामला बायकांच्या नावावर टाकणाऱ्या त्या ग्रंथकाराची आणि आमच्या भाऊंची गाठ पडली नव्हती, एवढंच.

आणि गंमत बघा. आमचं बुलढाणा ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बसलंय, तिच्याच कुशीत ती लेणी आहेत. पाचव्या शतकात तिथं जोरात काम चाललं तेव्हा राज्य हरिषेण वाकाटकाचं, आणि त्याच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आमच्या शेजारचं वाशीम. सोळावं लेणं तर त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं करवून घेतलं. त्या अंधारात चित्रकारांनी नाकाच्या दांडीवर उजेडाची रेघ मारली, गालांच्या कडा गडद केल्या, आणि सावळ्या, काळ्या कांतीच्या माणसांना राजघराण्यात बसवलं. वराहदेवाचे कार्यकर्ते कामाची पाहणी करायला गेले नसतील असं मला वाटत नाही. वाशीमहून अजिंठ्याला जायचं तर बैलगाडीनं आमच्याच जिल्ह्यातून जावं लागलं असणार, आणि वाटेत ते दमून परत फिरले असावेत. दुसरा काही खुलासा मला सुचत नाही.

फ्लेक्स छापायला गेला तोवर भाऊंच्या चेहऱ्यावर एकही छटा उरली नव्हती. नाक होतं, असं मी शपथेवर सांगू शकतो, कारण ते मीच काढलं होतं, पण दिसत नव्हतं. गुलाबी परातीत दोन डोळे, एक गॉगल कपाळावर ढकललेला, मिशा, खाली दोन साखळ्या. तळं निळं केलं होतं, कारण भाऊ आणि तळं दोन्ही गुलाबी झाल्यावर भाऊ कुठं संपतात ते कळेना. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो ओळीनं, आणि त्या फोटोंमध्ये मात्र प्रत्येकाच्या नाकाला व्यवस्थित सावली होती. कोपऱ्यात 'संकल्पना' म्हणून माझं नाव टाकलं होतं. मी ते काढायला सांगितलं, तर माझा विद्यार्थी भावनावश होऊन म्हणाला, "सर, गुरूचं नाव मी कसं काढू?"

चौकात फ्लेक्स लागला. फटाके झाले, केक झाला, तलवारीनं कापला. भाऊ फार खूश होते म्हणे. लोक थांबून साखळ्या बघत होते. मी त्या बाजूनं जायचं टाळत होतो, पण संध्याकाळी दूध आणायला जावंच लागलं.

फ्लेक्स पश्चिमेकडे तोंड करून लावला होता आणि समोर चौकातला जुना निंब. ऊन कललं तशी निंबाची एक फांदी भाऊंच्या तोंडावर उतरली. डाव्या गालावर पानांची जांभळट जाळी, कपाळ लख्ख उन्हात, एक डहाळी बरोबर नाकाच्या बगलेत. वाऱ्यानं ती हलली की भाऊ थोडे हसल्यासारखे वाटत. कडक सावली कुठं, मऊ कुठं, सगळं जागच्या जागी. मी दुधाची पिशवी हातात घेऊन बघत उभा राहिलो. तेवढ्यात फोन वाजला. खुद्द भाऊ.

"सर, तुमी सावली परत टाकली काय?"

"नाही भाऊ. ती निंबाची आहे. चार वाजता येते आणि दिवस बुडाला की जाते."

"पण आपलं फ्लेक्सवालं पोट्टं म्हणते, लेयर बंद केली का सावली जाते."

"ती लेयर नाही भाऊ. झाड आहे."

पलीकडे कोणाशी तरी कुजबुज झाली.

"बरं मंग, त्या झाडवाल्याचा नंबर द्या."